बोलती चंपारानी

१

नागपुरात थंडी पडली की सगळ्या गावाला दोन गोष्टींचे वेध लागायचे. एक म्हणजे संत्र्यांचे ढीग, आणि दुसरं म्हणजे कस्तुरचंद पार्कवरचं प्रदर्शन. नावालाच प्रदर्शन. सरकारी मांडवातले अगडबंब भोपळे आणि खतांचे तक्ते बघायला कोण येतो? लोक तिथून लग्नाला उशीर झाल्यासारखे भराभर निघायचे आणि मागच्या बाजूला तंबूंच्या रांगेत जाऊन थांबायचे. भाजलेल्या शेंगांचा वास, जनरेटरचा धूर, धुळीवर मारलेलं पाणी, आणि प्रत्येक तंबूच्या कर्ण्यातून निघणारी वेगळी बोंब. ज्यांनी ते ऐकलं त्यांच्या कानात ते अजून आहे. ज्यांनी नाही ऐकलं त्यांना सांगून उपयोग नाही.

गंमत अशी की तंबू दरवर्षी तेच आणि नावंही तीच. लाकडी विहिरीत मोटारसायकल फिरवणारा कोणीही असो, पाटीवर तो 'शेर-ए-हिंद'. जादूवाला शाळेच्या पायरीवर न चढलेला का असेना, तो 'प्रोफेसर'. नाचणारी 'मिस', मग तिला घरी चार लेकरं का असेनात. एका साली ही 'मिस' ऐन प्रदर्शनात पळून गेली, तेव्हा तिच्या जागी तंबू ठोकणारा धोंडबा घागरा घालून नाचला आणि तोही 'मिस'च झाला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. नाव बरोबर होतं, नाच बरोबर होता, मग आत कोण आहे याच्याशी कोणाला काय देणंघेणं!

या रांगेत शेवटून दुसरा तंबू रुपरावचा. पाटीवर कमळातून बाहेर आलेलं बाईचं डोकं रंगवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बोलती चंपारानी. साथ में मास्टर.'

मास्टर म्हणजे माईकवर बोलणारा. उरलेलं वर्ष तो मंडपवाल्याकडं काम करायचा, लग्नामुंजीत कर्णे बांधायचा, माईक लावायचा. पण थंडीत तो मास्टर व्हायचा. हळूहळू बाराही महिने मास्टरच झाला. पानवाला, दूधवाला, पाचपावलीतली सारी आळी त्याला मास्टर म्हणायची. त्याला ते आवडायचं. कुठं मिरवायला गेलो नाही तरी मान मिळतो, असं तो म्हणायचा.

२

खेळ साधा होता. काळ्या कापडाची खोली, मधोमध चार पायांचं टेबल, टेबलावर पितळी परात, परातीत शेवंतीची फुलं आणि फुलांत एका बाईचं डोकं. धड नाही. टेबलाखाली आरपार मोकळं दिसायचं. पायांमध्ये आरसे बसवलेले असतात आणि बाई मागं स्टुलावर बसते, हे अर्ध्या नागपूरला ठाऊक होतं. तरी लोक यायचे, बायकोला आणायचे, पुढच्या साली लेकरांना आणायचे.

प्रश्नही ठरलेले. मास्टर घसा खाकरून सुरू करायचा. "मेहेरबान, कदरदान! बोल चंपारानी, तेरा नाम?"

"चंपारानी."

"तेरा गाँव?"

"पानी के उस पार."

"भूख लगती है?"

"लगती है. पेट नहीं है."

इथं हशा ठरलेला.

"घर जाएगी?"

"जाना है, मास्टर. पाँव नहीं हैं."

आणि इथं हशा नाही. इथं तंबू गप्प व्हायचा, एखादी म्हातारी पदर डोळ्याला लावायची, आणि पडदा पडायचा. एकदा मास्टरला कंटाळा आला आणि त्यानं मध्येच "सिनेमा देखेगी?" असं विचारलं. डोकं काहीच बोललं नाही. लोक ओरडले, "मास्टर, बराबर पूछो!" तेव्हापासून त्यानं शब्द बदलला नाही.

रुपरावचा एकच नियम होता. उमरेडकडचा तो माणूस, आधी हातमागावर होता, बोलायला मऊ. पण एवढ्या बाबतीत कडक. तंबूत कोणी कोणाचं खरं नाव घ्यायचं नाही. "तंबूत शिरलं का तू मास्टर अन् थे चंपारानी. घरचं नाव घरी ठेवायचं गा, चपलेसारखं." पोरी दर एक-दोन सालांनी बदलायच्या. आधी इंदू होती, मग कामठीची प्रेमिला. एक गेली की दुसरी. कुठं गेल्या विचारलं की रुपराव म्हणायचा, लग्न झालं.

त्या साली प्रेमिला आली नाही. प्रदर्शन लागलं, पाटी चढली, आणि परातीत डोकं नाही. रुपराव कपाळाला हात लावून मास्टरच्या घरी येऊन बसला. चहा घेऊन आलेली मास्टरची बायको गोपिका ते ऐकत होती.

"मी बसू का?" ती म्हणाली.

मास्टर हसला. "तू? तुह्यानं घडीभर गप्प बसवत नाही. तिथं इचारल्याबिगर बोलता येत नाही, माहीत आहे का?"

"मंग काय झालं? तेवढाच तुमाले आराम!"

गोपिका होतीच तशी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण घरात पाऊल टाकल्या दिवसापासून त्या दोन खोल्यांत तिची बडबड, तिची गाणी, भांड्यांशी चाललेली तिची भांडणं. मास्टरच्या आईवडिलांमागं सुनं पडलेलं घर तिनं आवाजानं भरून टाकलं होतं. मास्टर तिच्यावर जीव टाकायचा. दोघं एकाच तंबूत, संध्याकाळी सोबत जाऊ, सोबत येऊ. त्याला त्यात वाईट काय दिसणार?

३

पहिल्याच खेळाला गोपिका चुकली नाही.

मास्टर आतून धास्तावला होता. रस्त्यानं येताना तो तिला उत्तरं पढवणार होता, पण ती मोटारसायकलवाल्याच्या विहिरीपाशी रेंगाळली आणि पढवायचं राहून गेलं. तरी परातीतल्या फुलांतून उत्तरं आली ती शब्दाला शब्द. "पेट नहीं है" च्या आधीचा तो थोडा थांबासुद्धा आला. दोन वर्षं आपण घरी येऊन तिला खेळ सांगतो, पाठ नाही होणार का, असं मास्टरनं स्वतःलाच समजावलं.

पण आवाज?

मास्टरचा धंदाच आवाजाचा. कर्णा फाटका आहे की वायर, हे तो डोळे मिटून सांगायचा. आणि परातीतून आलेला तो आवाज गोपिकाचा नव्हता. बारीक, ओलसर, शेवटचा शब्द हळूच खाली ठेवणारा. तो प्रेमिलाचा होता. आणि नीट आठवलं तर प्रेमिलाच्या आधी इंदूचाही तोच होता.

घरी जाताना त्यानं त्यावर तोडगा काढला. टेबलाच्या फळीला डोक्यासाठी भोक असतं, तिची कड गळ्याखाली दाबते. गळा दाबला की कोणाचाही आवाज असाच निघणार. त्यानं स्वतःच्या गळ्याला अंगठा लावून बघितलं. गोपिका खो खो हसली आणि म्हणाली, "अहो, लोकं पाहून राहिले!" तेव्हा तिचा आवाज तिचाच होता. मास्टरला हायसं वाटलं.

ते दिवस, खरं सांगायचं तर, त्यांच्या संसारातले सोन्याचे दिवस होते. खेळ संपला की दोघं टेकडीच्या रस्त्यानं सायकल हातात धरून चालत यायची. वाटेत कुठं तर्री-पोहे, कुठं बोरं. गोपिकाच्या केसांत परातीतल्या शेवंतीची एखादी पाकळी अडकलेली असायची, मास्टर ती काढायचा. थंडीत तिच्या शालीला फुलांचा आणि जनरेटरच्या धुराचा एकत्र वास यायचा. एका संध्याकाळी तिनं त्याला हळूच सांगितलं की दिवस गेले आहेत. मास्टरनं तिथंच सायकल आडवी टाकली आणि संत्रीवालीकडून सगळ्यात मोठं संत्रं घेऊन तिच्या हातात दिलं. दुसरं काय द्यावं ते त्याला सुचलं नाही.

मग एके दिवशी जेवायच्या वेळी त्यानं सहज विचारलं, "भूक लागली का वं?"

"लगती है. पेट नहीं है."

दोघं हसले. पोटुशी बाईनं पोट नाही म्हणायचं, केवढी मस्करी! दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं आणि तिनं पुन्हा तेच सांगितलं. या वेळी मास्टर एकटाच हसला. गोपिका त्याच्याकडं बघत होती. मान सरळ, खांदे कुठं हलत नाहीत, ओठ थोडे उघडे. पुढच्या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखी.

४

घरातली बडबड कमी झाली हे मास्टरला उशिरा कळलं. आवाज सुरू झाला की माणसाला ऐकू येतो, बंद झाला की चटकन ध्यानात येत नाही.

पोटात मूल आहे, थकत असेल, असं तो म्हणायचा. मग एकदा नळावर उभ्या असलेल्या गोपिकाला त्यानं दारातून हाक मारली. "गोपिका!" तिनं वळून पाहिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या, "अवं, मास्टर बोलावून राहिले तुले!" तेव्हा ती वळली, पण तिनं आधी कुसुमताईंकडं पाहिलं. ही बाई कोणाबद्दल बोलते आहे, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी मास्टर पुढच्या खोलीत आडवा पडला होता. प्रदर्शन चार वाजता उघडायचं, तोवर डुलकी. स्वयंपाकघरातून गोपिकाचा बोलण्याचा आवाज आला. त्याला आधी बरंच वाटलं. भांड्यांशी भांडते आहे, जुनी खोड परत आली, असं वाटून तो पडल्या पडल्या हसला.

मग शब्द कानावर आले.

"चंपारानी."

मग थोडं थांबून, "पानी के उस पार."

पुन्हा थांबून, "लगती है. पेट नहीं है."

मास्टर अंथरुणात उठून बसला. उत्तरांनी तो घाबरला नव्हता. पाठ झालेलं माणूस पुटपुटतं. तो घाबरला मधल्या थांबण्यांना. ती थांबणी बरोबर तेवढीच लांब होती जेवढा त्याला एकेक प्रश्न विचारायला वेळ लागायचा. "मेहेरबान, कदरदान" च्या वेळी घसा खाकरायला लागतो तोही धरून. आत कोणीतरी विचारत होतं, आणि तिला ते ऐकू येत होतं.

तो दारात गेला. गोपिका चुलीपुढं पाटावर बसली होती, हात मांडीवर. डाळ केव्हाच करपली होती.

"जाना है, मास्टर," ती चुलीकडं बघत म्हणाली. "पाँव नहीं हैं."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर कामठीच्या बसमध्ये बसला. प्रेमिलाचं लग्न झालं असेल तर तिच्या माहेरी पत्ता तरी मिळेल, तिला विचारू, तुलाही असं झालं होतं का. असं ठरवून तो निघाला होता. छावणीच्या पुढं हातमागांच्या खटखटाटातून वाट काढत तो घर विचारत गेला.

प्रेमिला घरीच होती. लग्न वगैरे काही झालं नव्हतं.

अंगणाला कमरेएवढी कुडाची भिंत होती आणि तिच्यामागं ती बसली होती. मास्टरला बाहेरून तिचं नुसतं डोकं दिसलं, नीट भांग पाडलेलं, कुडाच्या कडेवर ठेवल्यासारखं. तिनं त्याला ओळखलं. ओठ थोडे उघडले आणि ती थांबली. मास्टरच्या घशाशी आपसूक प्रश्न आला. एवढ्यात तिची आई सिंधूताई घरातून धावत बाहेर आली आणि त्याच्या हाताला धरून त्याला पार रस्त्यापर्यंत ओढत घेऊन गेली.

"तिले काही इचारू नका, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली. "इचारलं का सुरू होते थे. मंग दोन-दोन दिवस थांबत नाही."

"कधीपासून?" मास्टरनं विचारलं.

"तुमच्याच तंबूतून आली तशी. आमी नाही इचारत आता. जेव म्हणतो, जेवते. झोप म्हणतो, झोपते. तिचा बाप म्हणे, बरी होईल. नाव घेतलं तिचं तर पाहत बी नाही." सिंधूताईनं पदरानं तोंड पुसलं. "तुमाले माहीत नव्हतं का मास्टर? तुमीच तर इचारत होते तिले रोज."

परतीच्या बसमध्ये तो उभाच राहिला, जागा रिकामी होती तरी. रोज संध्याकाळी आपणच विचारत होतो. दिवसाला कितीदा, सालाला कितीदा. आधी इंदूला, मग प्रेमिलाला. आणि आता आपल्याच बायकोला, जिच्या पोटात आपलं मूल आहे.

घरी आल्यावर त्यानं गोपिकाला सांगितलं, "आजपासून तू येत नाहीस. घरी राहा." विचारलं नाही, सांगितलं. ती राहिली. मास्टर त्या दिवसापासून तंबूकडं फिरकला नाही, घरीच बसून राहिला. बोलताना एकही प्रश्न तोंडातून जाऊ नये म्हणून तो एकेक वाक्य आधी तोंडातल्या तोंडात तपासून बघायचा. आयुष्यभर माईकवर न अडखळलेला माणूस स्वतःच्या घरात तोतरा झाला. पण गोपिका काही पहिल्यासारखी झाली नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. त्याला सिंधूताईच्या अंगणातली ती भिंत आठवायची आणि रडू यायचं. ही अशीच राहिली तर? मूल आलं आणि त्यानं आईला हाक मारली, तर कोणाला मारायची?

६

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी तो तंबूत गेला. माईक त्याचा स्वतःचा होता. तो सोडवायचा, रुपरावला राम राम ठोकायचा आणि संपवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

मैदान रिकामं होतं. पाळणावाला नत्थू पाळण्याच्या सावलीत झोपला होता. रुपराव तंबूबाहेर बाजेवर बसून डबा खात होता. "ये गा मास्टर. आता कोणी बाई नाही, खेळ नाही. आज पाटी उतरवतो," तो म्हणाला. "माहीत आहे मले तू काहून नाही आला. मी बी एकदा इंदूकडं गेलो होतो, पाहून आलो." एवढं बोलून तो पुन्हा डब्यात बघायला लागला.

मास्टर आत गेला. काळ्या कापडांतून दुपारचं ऊन झिरपून खोलीत तांबूस उजेड पडला होता. आधी त्यानं मागं जाऊन पाहिलं. स्टूल रिकामं. फळीला गळ्यासाठी ठेवलेलं भोक रिकामं, आरपार समोरचा पडदा दिसत होता. त्यानं फळी हातानं चाचपूनही पाहिली. मग तो पुढं आला, माईकच्या दांड्यापाशी वाकून वायर गुंडाळायला लागला. वायर बॅटरीपासून आधीच काढलेली होती. हेही त्यानं पाहिलं, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

"मेहेरबान, कदरदान," कोणीतरी म्हणालं.

शेजारच्या तंबूचा कर्णा असेल. मास्टरनं मान वर केली नाही. पण शेर-ए-हिंद आदल्याच दिवशी जबलपूरला निघून गेला होता आणि पलीकडचं मैदान मोकळं होतं. आणि मग मेहेरबानच्या आधी घसा खाकरल्याचा आवाज त्याला मागाहून आठवला. तो त्याचाच घसा होता. ते त्याचंच बोलणं होतं, ओळखीचं, वर चढून कदरदानवर उतरणारं. पण ते येत होतं त्या बारीक, ओलसर आवाजात, परातीकडून.

त्यानं सरळ पाहिलं नाही. डोळ्यांच्या कडेनं त्याला परातीतली सुकलेली शेवंती दिसली, आणि शेवंतीत मधोमध पाडलेला भांग. भांगात कुंकू होतं. ते गोपिकाचं कपाळ नव्हतं, प्रेमिलाचंही नव्हतं. ज्या कोणत्या चेहऱ्याकडं तो बघायला जाईल तो तिथं आधीच असेल, असं काहीतरी त्याला वाटलं आणि तो आणखी वर बघेना.

"तेरा नाम?" तिनं विचारलं.

आता कोणी म्हणेल, पळायचं ना! पण पळायचं मागाहून सुचतं. तंबूत प्रश्न विचारला की उत्तर आलंच पाहिजे, लोक खोळंबलेले असतात, ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळलेली. आणि तंबूत घरचं नाव घ्यायचं नाही, हीसुद्धा. उत्तर त्याच्या तोंडून त्याच्या आधी निघून गेलं.

"मास्टर."

परातीतून कोणीतरी समाधानानं श्वास सोडला. मास्टर माईक तिथंच टाकून बाहेर आला. उन्हात त्याचे डोळे दिपले.

रुपराव डबा धूत होता. "आतमध्ये कोणाशी बोलून राहिला होता गा?"

"कोणाशीच नाही," मास्टर म्हणाला आणि सायकलवर बसला.

पाचपावलीपर्यंत तो कसा आला त्याला कळलं नाही. दारातच गोपिका कमरेवर हात ठेवून उभी होती. "कुठी गेले होते? गोळाभात केला, थंडा होऊन राहिला तिकडं, अन् यांचा पत्ता नाही! इकडं भूक लागून जीव चालला माह्या!"

मास्टर उभाच राहिला. मग भीत भीत म्हणाला, "गोपिका."

"काय? असे काय पाहून राहिले? जसं काई मले कधी पाह्यलंच नाही."

तो उंबऱ्यावर बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडला. आळीतल्या बायका बघत होत्या, पण त्याला त्याची लाज वाटली नाही. गोपिका घाबरली, पाणी घेऊन आली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि हात फिरवता फिरवता बोलतच राहिली.

७

पावसाळ्याच्या शेवटी त्यांना मुलगी झाली. सुखरूप, गुटगुटीत, आईसारखी बोंबलणारी. मास्टरनं पुन्हा माईक धरला नाही. मंडपवाल्याकडं तो आता कर्णे नुसते बांधायचा, बोलायचं दुसऱ्यावर सोपवायचा. रुपरावनं पाटी विकली असं ऐकलं. कोणाला, ते मास्टरनं विचारलं नाही. पण तो सुखी होता, खरंच सुखी होता. घरात दिवसभर गोपिकाचा आवाज, आणि आता तिच्या जोडीला लेकीचा. संध्याकाळी तो ओट्यावर बसून नुसतं ते ऐकायचा.

बारशाला मास्टरची बहीण भागीरथा उमरेडहून आली. आळीतल्या बायकांनी आतली खोली गच्च भरली. पुरुष ओट्यावर सतरंजी टाकून बसले होते, पानसुपारी चालली होती, घुगऱ्या वाटल्या जात होत्या. भागीरथानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. इतका वेळ श्वास रोखून बसलेल्या मास्टरला नाव ऐकू आलं; ते चंपा नव्हतं. त्यानं श्वास सोडला. चांगलं नाव होतं. बाळ रडलं आणि गप्प झालं. सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं होतं.

आता बायका गोपिकाच्या मागं लागल्या. "नाव घे वं, नाव घे! लेकीच्या बारशाले नवऱ्याचं नाव घेतल्याबिगर सोडत नाही आमी!" एरवी कोणती बायको नवऱ्याचं नाव तोंडावर आणते? असा दिवस असला तरच, आणि तेही उखाण्यात लपवून. गोपिकानं आढेवेढे घेतले, लाजली, हसली. कुसुमताईंनी दाराचा पडदा मुद्दाम बाजूला केला, बाहेर ऐकू जावं म्हणून. ओट्यावरचे पुरुष मिश्कीलपणे मास्टरकडं बघायला लागले.

आणि गोपिकाचा तो खणखणीत, तिचा स्वतःचा आवाज बाहेर आला,

"संत्र्याच्या बागेत बहर आला दाट,
वसंतरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!"

आत एकच हशा उसळला. बाहेर कोणीतरी मास्टरच्या पाठीवर थाप मारली. भागीरथा दारातून डोकावून म्हणाली, "ऐकलं का दादा?"

मास्टरही सगळ्यांबरोबर हसला. सुरेख घेतलं होतं तिनं नाव. मग तो वळून अंगणाच्या फाटकाकडं पाहायला लागला, गोपिका ज्यांचं नाव घेते ते वसंतराव कोण, आणि अजून आले कसे नाहीत, ते बघायला. फाटकाशी कोणी नव्हतं. उशीर होत असेल, असं त्याला वाटलं, आणि येणाऱ्या पाहुण्याला बसता यावं म्हणून तो सतरंजीवर थोडा कडेला सरकला.